नॅनो-उत्प्रेरक

* जव्हार-मोखाड्यात जात्यावर नागली दळली की वजन तेच राहतं, उघडा पृष्ठभाग मात्र कितीतरी वाढतो. धातूचंही तसंच. एक सेंटिमीटरच्या घनाचे एक नॅनोमीटरचे घन केले, तर 6 चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग 6,000 चौरस मीटर होतो. अभिक्रिया उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरच घडते, म्हणून हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटात महागडं प्लॅटिनम कार्बनवर असं कणाकणानं पसरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागानं केपीआयटी कंपनीनं घडवलेल्या, अशाच इंधनघटावर चालणाऱ्या हायड्रोजन बसचं अनावरण 21 ऑगस्ट 2022 रोजी झालं. पाड्यापाड्यांत इंधनघटाची ही वीज पोहोचावी असं मनापासून वाटतं. त्यासाठी स्वस्त धातू हवा. पाण्यातून हायड्रोजन काढताना अल्कधर्मी द्रावणात निकेल चालतं. इंधनघटाच्या आम्लधर्मी पटलापाशी ते झिजतं, तिथंच घोडं अडलं आहे. – संपादक