खंत आणि पश्चात्ताप : ‘उंबरठा’ चित्रपटाच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

१९८२ साली प्रदर्शित झालेल्या ‘उंबरठा’ ह्या मराठी चित्रपटाच्या शेवटी नायिका सुलभा महाजन दुसऱ्यांदा घर सोडते आणि आगगाडीने निघून जाते. आपल्या मुलीकडे ती पुन्हा येईल काय, आणि आपण केले ते योग्यच केले असे तिला वाटते काय, ह्या प्रश्नांची उत्तरे चित्रपट देत नाही. अर्थ लावणारा मात्र सामान्यतः दोहोंपैकी एका दिशेने जातो. मातृत्वाकडे पाठ फिरविल्याची ही शिक्षा होय, असे एक मत. बंधनातून झालेली ही मुक्तता होय, असे दुसरे. पहिल्या मतास तिच्या मुद्रेवर पश्चात्ताप दिसतो, दुसऱ्यास त्याचा अभाव. परंतु पश्चात्ताप हीच कसोटी दोन्ही मतांनी गृहीत धरलेली आहे. ती कसोटी तपासून पाहावी, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मराठीत ‘पश्चात्ताप’ आणि ‘खंत’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांत महत्त्वाचा भेद आहे. पश्चात्तापात स्वतःच्या कृतीचा निषेध अंतर्भूत असतो. संधी मिळाल्यास आपण तसे पुन्हा करणार नाही, ही कबुली त्यात असते. खंतीला अशा कबुलीची आवश्यकता नसते. योग्य तेच करूनही जे गमवावे लागले त्याचे दुःख उरते, ती खंत. हा भेद लक्षात घेतल्यास चित्रपटाची संदिग्धता निराळ्या ठिकाणी आहे असे दिसून येईल.

कथानक थोडक्यात असे. सुस्थित घरातील, समाजकार्याचे शिक्षण घेतलेली सुलभा संगमवाडी येथील महिलाश्रमाच्या अधीक्षिकेचे पद स्वीकारते. वकिली करणारे पती आणि सासूबाई ह्यांचा त्यास विरोध असतो. लहानगी राणी जावेच्या स्वाधीन होते. आश्रमात व्यवस्थापक समितीची उदासीनता, भ्रष्ट व्यवहार आणि सत्ताधाऱ्यांचा हस्तक्षेप ह्यांच्याशी झगडून अखेर सुलभा राजीनामा देते. घरी परतते तेव्हा मुलगी दुरावलेली असते आणि पतीच्या जीवनात दुसरी स्त्री आलेली असते. जब्बार पटेल ह्यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि स्मिता पाटील ह्यांचा अभिनय ह्या तिन्ही अंगांनी हा चित्रपट सुलभेच्या तोंडी समर्थनाचे अथवा क्षमायाचनेचे भाषण घालण्याचे टाळतो.

येथे कृतीच्या नावांचा इतिहास बोलका आहे. चित्रपट शांता निसळ ह्यांच्या ‘बेघर’ ह्या कादंबरीवर आधारलेला आहे. ‘बेघर’ ह्या नावात परिणामाचा उच्चार आहे : जिने घर सोडले तिला घर उरले नाही. हिंदी आवृत्तीचे नाव ‘सुबह’. त्यात आशेचे आश्वासन आहे. ‘उंबरठा’ हे नाव मात्र घरात नाही आणि बाहेरही नाही अशा जागेचे आहे. एकाच कथेच्या ह्या तीन नावांत शिक्षा, मुक्तता आणि अनिर्णय असे तिन्ही अर्थ सामावले आहेत. मराठी चित्रपटाने त्यांतील तिसरा निवडला.

ह्या निवडीचे महत्त्व कळण्यासाठी मागे जावे लागते. साने गुरुजींच्या १९३५ मधील पुस्तकावरून आचार्य अत्रे ह्यांनी काढलेला ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ साली आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. तेथेही खंत आहे. परंतु ती पुत्राची आहे. आईला स्वतःच्या जीवनाविषयी काय वाटले, हा प्रश्न त्या रचनेत उद्भवतच नाही, कारण आई ही स्मरणाचा विषय आहे, स्मरण करणारी नव्हे. ‘उंबरठा’मध्ये राणी काहीच कथन करीत नाही. दृष्टी आईची आहे, आणि म्हणूनच खंतीचा भारही प्रथमच आईवर येतो.

आई निघून गेली हे प्रेक्षकांना सहन होत नाही, ह्याचा पुरावा युरोपातही आहे. इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ १८७९ साली प्रसिद्ध झाले; पुढे अनंत काणेकरांनी त्याला ‘घरकुल’ असे मराठी रूप दिले. जर्मनीतील एका अभिनेत्रीने मुलांना टाकून जाणारी नोरा रंगविण्यास नकार दिला, तेव्हा इब्सेनला शेवट बदलून द्यावा लागला : झोपलेल्या मुलांकडे पाहून नोरा खचते आणि राहते. ह्या बदलास त्याने स्वतःच रानटी अत्याचार म्हटले. नोराच्या मनात मुलांविषयीची खंत आधीही असू शकली असती. बदललेल्या शेवटाने तिचा पश्चात्ताप केला, आणि नाटकाचा अर्थच फिरला.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. पतीच्या प्रतारणेमुळे सुलभेचे दुसरे जाणे सोपे झाले. पती एकनिष्ठ असता तर ती राहिली असती, आणि म्हणून चित्रपटाने मूळ प्रश्न चुकविला, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे. तथापि पहिल्या वेळी सुलभा गेली ती परतण्याच्या विश्वासाने, आणि त्या वेळी प्रतारणेचा संबंधच नव्हता. आश्रमातील अपयशाचे दुःख तिला आहे; पण आश्रमात गेल्याचे नाही. इस्रायली समाजशास्त्रज्ञ ओर्ना डोनाथ ह्यांनी २०१५ साली मातृत्वाचा पश्चात्ताप करणाऱ्या तेवीस स्त्रियांच्या मुलाखतींवरून असे दाखविले की, मातृत्वाचा पश्चात्ताप आणि अपत्यावरील प्रेम ही एकाच मनात राहू शकतात. सुलभेचे उदाहरण त्याहूनही निराळे आहे. तिला मातृत्वाचा पश्चात्ताप नाही आणि घर सोडल्याचाही नाही. दोन्ही एकत्र ठेवू न देणाऱ्या व्यवस्थेमुळे झालेल्या हानीची खंत आहे.

परंतु ह्या रूपकालाही सामाजिक मर्यादा आहे. ज्या घराचा उंबरठा स्त्रीला अडवितो, ते घर मुळात सुस्थित असावे लागते. पालघर जिल्ह्यात (२०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यात) मोखाडा तालुक्यातील खोडाळा आणि आसपासच्या पाड्यांवरील अनेक कुटुंबे भात-नागलीची कापणी आटोपली की भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर मजुरीस जातात. तान्ही मुले पाठीशी बांधून न्यावी लागतात. मोठी आजीपाशी किंवा आश्रमशाळेत राहतात. येथे आईचे घर सोडणे हे बंड नसून पोट भरण्याचा वार्षिक क्रम आहे. शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेले बालमृत्यू १९९२ च्या सुमारास सर्वांसमोर आले. अशा प्रसंगी आईच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे सोपे असते. परंतु पश्चात्ताप करण्यासाठी आधी निवड करता आली पाहिजे. जिला निवडच नव्हती, तिच्याकडे पश्चात्ताप मागणे म्हणजे व्यवस्थेचा दोष तिच्या पदरात बांधणे होय. खंत मात्र तिच्याही वाट्याला येतेच, आणि तेवढ्यापुरते सुलभेचे व तिचे दुःख एका जातीचे आहे.

यावरून ‘उंबरठा’च्या अर्थनिर्णयाविषयी एवढे म्हणावयास हरकत नाही. सुलभेला खंत आहे, हे चित्रपट लपवीत नाही. पश्चात्तापाचा पुरावा तो कोठेही देत नाही. संदिग्धता नायिकेच्या मनात नाही, ती प्रेक्षकाच्या सवयीत आहे : आईचे दुःख दिसताच त्यात अपराधाची कबुली वाचण्याची ती सवय होय. चित्रपटाचा शेवट मोकळा सोडण्याने ही सवय उघड होते. मातृत्वविषयक कृतींचा, आणि त्याबरोबरच आयांच्या आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे दोन शब्द वेगळे ठेवून वाचन केल्यास अनेक जुन्या निर्णयांचा फेरविचार करावा लागेल.