निंबावरची गुळवेल

अकोला-अमरावतीकडे शेताच्या धुऱ्यावर जुना निंब असला की त्यावर गुळवेल चढलेली असायची. हृदयाच्या आकाराची पाने, पापुद्र्यासारखी सुटणारी साल आणि वरून सुतळीसारखी लोंबणारी मुळे. ही वेल बुडाशी तोडली तरी मरत नाही. अधांतरी राहून पुन्हा जमिनीकडे मुळे सोडते. अशा चिवट वेलीवर माणसाची श्रद्धा न बसली तरच नवल.

सत्त्व काढायची रीत सोपी, पण वेळखाऊ. ओले खोड ठेचायचे, रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळायचे. तळाशी पांढरा साका बसला की वरचे पाणी ओतून तो वाळवायचा. किलोभर खोडामागे हाती येते ते थोडेसेच!

आयुर्वेदाने या एकाच वेलीवर सांधे आणि यकृत दोन्ही सोपवली: सांधे धरणाऱ्या वातरक्तात गुळवेल, काविळीतही गुळवेल. इंग्रजांच्या १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’तही तिला जागा मिळाली. 

सांधे आणि यकृताचे नाते आधुनिक वैद्यकाला उमगले ते वेगळ्याच वाटेने. १९५० मध्ये स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण स्त्रियांमधला रेंगाळणारा यकृतदाह नोंदवला. अशा काही रुग्णांच्या रक्तात ल्युपस या स्वप्रतिकारक आजारात दिसणाऱ्या पेशी सापडल्या, म्हणून १९५६ मध्ये मेलबर्नच्या इयान मॅके आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘ल्युपॉइड हेपटायटिस’ म्हटले. हा ल्युपस नव्हे, हे पुढे स्पष्ट झाले. मात्र या आजारात, म्हणजे स्वप्रतिकारक यकृतदाहात, शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटलेली असते, आणि त्याच रुग्णाला कधी आमवात, कधी डोळे-तोंड कोरडे पाडणारा स्योग्रेनचा विकारही असतो.

मग आला २०२० आणि कोरोना. ‘इम्युनिटी’ वाढवायला घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले. ज्याची संरक्षक यंत्रणा आधीच बिथरलेली, त्याने ती आणखी चेतवावी का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेतलेले काविळीचे सहा रुग्ण आले. नंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण नोंदवले. काहींमध्ये सुप्त असलेला स्वप्रतिकारक यकृतदाह या निमित्ताने उघडा पडल्याचे डॉक्टरांचे म्हणणे होते.

मुंबईच्या नोंदींवर आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्येच आक्षेप घेतला होता: रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारखी दिसणारी, खोडावर गाठी असलेली दुसरी जातही आहे. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण गाठी पाहायला हातात खोड लागते; दुकानातल्या चूर्णाच्या डबीत आणि गोळ्यांच्या पाकिटात ते नसते.