शिरस्त्राणे व त्यांचा संग्रह

शिरस्त्राण : लढाईत डोक्याचे रक्षण करणारे धातूचे, चामड्याचे वा जाड कापडाचे आवरण. मराठीत यास टोप असेही म्हणतात. शिरस्त्राणांचा संग्रह हे युद्धेतिहासाचे एक साधन आहे. मात्र काय टिकते व काय नष्ट होते, हे लक्षात न घेतल्यास त्यावरून काढलेली अनुमाने एकांगी ठरतात. मावळ प्रदेशाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

लोणावळ्याच्या परिसरातील लोहगड व विसापूर हे किल्ले बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवून आहेत. लोहगड १६६५ च्या पुरंदरच्या तहाने मोगलांकडे गेला व १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. डोंगरी मुलखात जलद चढउतार करणाऱ्या मावळ्यांच्या पायदळास जड चिलखत सोयीचे नव्हते. डोक्यास पागोटे वा मुंडासे गुंडाळण्याचा प्रघात होता. कापडाच्या घट्ट वेढ्यांनी तलवारीचा वार काही अंशी बोथट होई. पोलादी टोप प्रामुख्याने सरदार व मानकरी वापरीत. नाकाच्या रक्षणासाठी पुढे सरकती पट्टी, मानेवर कड्यांच्या जाळीची झालर व तुरा खोवण्यासाठी नळ्या, अशी त्याची रचना असे. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी (१६५९) शिवाजी महाराजांनी पागोट्याखाली पोलादी टोपी घातली होती, असे जदुनाथ सरकार यांनी नमूद केले आहे. कापड कुजते, पोलाद टिकते. त्यामुळे संग्रहालयांत सरदारांचे टोप दिसतात; मावळ्याचे मुंडासे मात्र काळाच्या ओघात नाहीसे झाले. पुण्यात दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी उभारलेल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे व नित्य वापराच्या वस्तू एकत्र जतन केल्या आहेत. सामान्यांच्या वस्तूही इतिहासाची साधने होत, ही दृष्टी त्या संग्रहामागे आहे.

सामान्य शिपायास पोलादी टोप सरसकट मिळू लागला तो पहिल्या महायुद्धात. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी डोक्यास होणाऱ्या जखमा कमी करण्यासाठी फ्रान्स व ब्रिटन यांनी १९१५ मध्ये, तर जर्मनीने १९१६ मध्ये असे टोप वापरात आणले. अमेरिकेने आरंभी ब्रिटिश धर्तीचा पसरट टोप स्वीकारला व १९४१ मध्ये त्याऐवजी एम-१ हा खोल टोप आणला. मँगॅनीजयुक्त पोलादाचे बाह्य कवच व आतील सुटे अस्तर हे त्याचे वैशिष्ट्य. दुसऱ्या महायुद्धात असे दोन कोटींहून अधिक टोप तयार झाले. इटलीच्या आघाडीवरील मराठा पलटणींतील जवान मात्र ब्रिटिश बनावटीचा पसरट टोपच वापरीत. १९८० नंतरच्या दशकात केव्हलर धाग्यांच्या टोपांनी एम-१ ची जागा घेतली.

संग्राहक एम-१ चा काळ ठरविताना कवचावर ठोकलेला पोलादाच्या ओतीचा क्रमांक, काठावरील पट्टीचा जोड व हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या तपासतात. आरंभीच्या टोपांत हा जोड पुढे असून कड्या पक्क्या असत. पुढे कड्या फिरत्या झाल्या व जोड मागे गेला. नव्या रंगाने जुन्या खुणा झाकल्या जातात. म्हणून गंज व ओरखडे घासून न काढता वस्तू आहे त्या स्थितीत जपणे व ती कोठून मिळाली याची नोंद ठेवणे आवश्यक असते. अशा नोंदीअभावी टोप उरतो, पण तो वापरणारा शिपाई मावळ्याप्रमाणेच अज्ञात राहतो.