युद्धकाळातील भावना आणि सामूहिक कृती
युद्धात संघटित होणे जिवावर बेतते, तरी माणसे एकत्र येतात. नफ्यातोट्याचा हिशेब इथे अपुरा पडतो, हे एल साल्वादोरच्या यादवी युद्धाच्या (१९८०–१९९२) अभ्यासात ठळकपणे दिसले.

या युद्धात सुमारे ७५ हजार माणसे मेली. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिझाबेथ वुड यांनी उसुलुतान प्रांतातल्या शेतकऱ्यांशी व शेतमजुरांशी सविस्तर संवाद साधला. जमीनदारांकडून ताब्यात घेतलेली जमीन कसण्याचा लाभ बंडखोरांना साथ न देणाऱ्यांनाही मिळत होता. मग काहींनी जोखीम का पत्करली? सरकारी दलांनी आप्तांना मारल्याचा संताप त्यामागे होता. शिवाय, पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून जगल्यावर आता आपण काही घडवतो आहोत, हा अभिमान होता. त्यांनी वुड यांना युद्धाआधीच्या आणि नंतरच्या शिवाराचे नकाशे स्वतः काढून दिले. जमीनदारांच्या हद्दी पुसून आपल्या सहकारी संस्था कागदावर मांडताना तो अभिमान लपत नव्हता. बहुसंख्य लोक मात्र लढ्यापासून दूरच राहिले. त्यांना भित्रे ठरवणे अन्यायाचे होईल.

भावना शांततेसाठीही माणसे उभी करते. यादवी युद्धात होरपळणाऱ्या लायबेरियात २००३ साली लेमा बोवी यांच्या नेतृत्वाखाली ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रिया पांढरे कपडे घालून मोनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळ रोज बसू लागल्या. पुढे घानातील शांतता वाटाघाटींच्या सभागृहाची दारे त्यांनी अडवली. रक्षक अटकेला येताच बोवींनी वस्त्रे उतरवण्याची धमकी दिली. आईसमान स्त्रीने असे करणे तिथे पाहणाऱ्यांना शाप मानले जाते. रक्षक मागे हटले. १८ ऑगस्टला शांतता करार झाला.