गुना मतदारसंघ : महाल आणि मतदार

गुना म्हणजे शिंदे, असे आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत सहज बोलले जाते. इतिहास तितका सरळ नाही. १९५२ साली इथून निवडून आले ते हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे. राजमाता विजयाराजे १९५७ मध्ये काँग्रेसकडून, १९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाकडून जिंकल्या. त्यांनी जागा सोडल्यावर आचार्य कृपलानी आले. माधवराव १९७१ मध्ये जनसंघाचे, १९७७ मध्ये अपक्ष, १९८० मध्ये काँग्रेसचे. पक्ष बदलले, कौल महालालाच राहिला. २०१९ मध्ये मात्र कृष्णपाल सिंह यादव यांनी ज्योतिरादित्यांना सुमारे सव्वा लाख मतांनी हरवले. २०२४ मध्ये ज्योतिरादित्य पुन्हा जिंकले, पण भाजपकडून. गादी वारशाने मिळते. मत दर वेळी दारोदार जाऊन मागावे लागते. गुन्याच्या मतदाराने हे एकदाच, पण स्पष्ट सांगितले.