तीन हजार भागांची संध्याकाळ : दूरचित्रवाणी आणि मराठी कुटुंब

'दूरचित्रवाणीचे दुष्परिणाम' हा आपल्याकडे शालेय निबंधाचा विषय होऊन बसला, आणि त्यामुळेच त्याचा गंभीर विचार मागे पडला. डोळे बिघडतात, मुलांचा अभ्यास बुडतो, आलेल्या पाहुण्याशी कोणी बोलत नाही, ही यादी आपणां सर्वांना पाठ आहे. ती खोटी नाही. पण तिला काळ नाही. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन पाहणारे कुटुंब आणि २००२ साली रात्री साडेसात ते साडेदहा एकामागून एक मालिका पाहणारे कुटुंब यांना ही यादी एकाच मापाने मोजते. पाहणे 'अति' केव्हा झाले, कशामुळे झाले आणि त्याने नेमके काय बदलले, हा प्रश्न नीतिपाठाचा नसून इतिहासाचा आहे. त्याची मांडणी मराठी समाजापुरती करून पाहावी, असा आमचा येथे प्रयत्न आहे.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबईला ती येण्यास आणखी तेरा वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरील प्रक्षेपणामुळे पुण्यालाही ते कार्यक्रम दिसू लागले. संच महाग होता, त्यासाठी परवाना लागे, आणि कार्यक्रम संध्याकाळचे मोजके तास चालत. या दुर्मिळतेने पाहण्याला एक आकार दिला होता. 'गजरा', 'चिमणराव-गुंड्याभाऊ', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती, आमची माणसं' हे कार्यक्रम ठरलेल्या वारी येत आणि संपत. ते संपल्यावर त्यांच्याविषयी बोलण्यासाठी उरलेला आठवडा मोकळा असे. स्मिता पाटील किंवा भक्ती बर्वे यांनी वाचलेल्या बातम्यांतून प्रमाण मराठीचा एक उच्चार घराघरांत पोचला, हाही त्या काळाचाच वारसा.

चाळीत एकाच्या घरी संच आणि त्याच्या दारात सगळा मजला, हे चित्र आज हळवेपणाने आठवले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण नाही. त्या खोलीत खुर्चीवर कोण, सतरंजीवर कोण आणि खिडकीबाहेर उभे कोण, याचीही एक व्यवस्था होती. संच ज्याचा, त्याचा मान. कार्यक्रम आवडला नाही तरी बंद करा असे म्हणण्याचा अधिकार इतरांना नव्हता. तरीही एवढे मान्य करावे लागेल, की त्या काळात पाहणे ही सार्वजनिक कृती होती. दार उघडे असे.

शासनाला या माध्यमातून शिक्षण हवे होते. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संचांवर शेती, आरोग्य आणि शालेय विषयांचे कार्यक्रम दाखविले गेले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. नेमक्या याच सुमारास, १९७६ च्या आरंभी, दूरदर्शनवर जाहिरातींना प्रवेश मिळाला. पुढील सगळ्या इतिहासाचे दोन धागे, लोकशिक्षण आणि बाजारपेठ, असे एकाच वर्षी शेजारी आले. १९८२ साली रंग आला. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. कुटुंबनियोजनाचा संदेश देण्याच्या हेतूने ती योजली गेली आणि प्रायोजकाच्या मालाला तिने बाजार मिळवून दिला. पु. चं. जोशी समितीने दूरदर्शनला भारतीय व्यक्तिमत्त्व हवे, असा आग्रह धरला. परंतु धागा कोणत्या दिशेने ओढला जाणार, हे तोवर ठरून गेले होते.

२५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' आले, त्यानंतर 'महाभारत'. रस्ते ओस पडत, संचाला हार घातले जात. या पाहण्याला अतिरेक म्हणावे काय? आमच्या मते, नाही. त्याचे राजकीय परिणाम हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण पाहण्याच्या रूपापुरते बोलायचे तर ते कीर्तनाच्या जवळचे होते. कीर्तनाला पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, आणि शेवटी आरती होऊन माणसे उठतात. कथा सर्वांना ठाऊक असते, आणि ती संपणार हेही ठाऊक असते.

खरा पालट १९९१ नंतरचा. आखाती युद्धाच्या बातम्यांबरोबर उपग्रह वाहिन्या आल्या आणि गल्लीगल्लीत केबल चालविणारा तरुण उभा राहिला. २ ऑक्टोबर १९९२ रोजी 'झी टीव्ही', १९९९ साली 'अल्फा मराठी', २००० साली 'ई टीव्ही मराठी' अशी ही वाटचाल आहे. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ सालच्या आपल्या ग्रंथात दूरचित्रवाणीचे वैशिष्ट्य सुटा कार्यक्रम हे नसून 'प्रवाह' हे आहे, असे म्हटले होते. अमेरिकेतील वाहिन्या पाहताना त्यांना जे जाणवले, ते मराठी घराला जवळजवळ पाव शतकाने उमगले. आता आपण 'गजरा पाहतो' असे म्हणेनासे झालो. 'टीव्ही पाहतो' असे म्हणू लागलो. क्रियापदाचे कर्म बदलले, आणि अतिरेकाची सुरुवात येथे झाली.

या प्रवाहाचे प्रमुख रूप म्हणजे दैनंदिन मालिका. 'दामिनी'ची नायिका पत्रकार होती. 'आभाळमाया'च्या केंद्रस्थानी शिकलेली, स्वतःचे मत असणारी स्त्री होती. २००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली आणि वाऱ्याची दिशा फिरली. 'चार दिवस सासूचे' ही मराठी मालिका २००१ साली सुरू होऊन तीन हजारांहून अधिक भाग चालली. अशा मालिकेचे रचनातंत्र साहित्याच्या विद्यार्थ्याने जरूर तपासावे. अर्ध्या तासातला बराच भाग जाहिरातींचा. आरंभी कालची उजळणी, अखेरीस उद्याची चाहूल. मध्ये एका वाक्यावर पाच चेहऱ्यांच्या प्रतिक्रिया, आणि दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपण. कथा पुढे नेणे हा तिचा हेतूच नाही. प्रेक्षक उद्या परत यावा, हा आहे. कादंबरी वाचकाला शेवटाकडे नेते, मालिका शेवट पुढे ढकलते. शेवट नसेल तर अर्थ लावण्याचा क्षणही येत नाही, कारण घडून गेलेल्याकडे वळून पाहण्यास उभे राहायला जागाच मिळत नाही.

या काळातील एक विसंगती आम्हांला विशेष बोलकी वाटते. पडद्यावर प्रशस्त वाडे आणि पंधरा-वीस माणसांची एकत्र कुटुंबे नांदत होती, तेव्हा पाहणारे कुटुंब दोन खोल्यांच्या सदनिकेत चार माणसांवर आले होते. मोडत चाललेल्या घराने न मोडणाऱ्या घराची कथा रोज पाहिली. त्या कथेतील एकत्रपण मात्र कट, संशय आणि दाराआडून ऐकणे यांवर उभे होते. पुढे संच स्वस्त झाले, दुसरा संच आतल्या खोलीत गेला, आणि एकत्र बसून पाहणेही विरले. जेवणाची वेळ मालिकेने ठरवावी आणि बोलणे जाहिरातींच्या मधल्या वेळात उरकावे, हे अंगवळणी पडले. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेसारख्या परंपरा, गावोगावची ग्रंथालये, हौशी नाट्यमंडळे यांची संध्याकाळची वेळ नेमकी हीच होती. त्यांच्या ओहोटीला दूरचित्रवाणी एकटी जबाबदार नाही. पण ज्या तासांवर त्या संस्था जगत, ते तास तिने घेतले, हे नाकारता येत नाही.

येथे दुसरी बाजू मांडली नाही तर इतिहास एकांगी होईल. ज्या संध्याकाळीबद्दल आपण हळहळतो, ती सर्वांची नव्हती. परवचा म्हणणारी मुले आणि व्याख्यानाला जाणारे पुरुष यांच्या मागे स्वयंपाकघरात राबणारी स्त्री होती. मालिकेच्या अर्ध्या तासाने तिला बसण्याची परवानगी मिळवून दिली. २००४ साली सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'ने तर सामान्य गृहिणीला तिच्याच घरात सर्वांसमोर नावाने बोलते केले. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी बिहार, दिल्ली, गोवा, हरियाणा आणि तामिळनाडू येथील ग्रामीण कुटुंबांच्या २००१ ते २००३ मधील पाहणीवरून २००९ साली निष्कर्ष काढला, की केबल आलेल्या गावांत पत्नीला मारहाण करणे योग्य मानण्याचे प्रमाण घटले आणि मुलगाच हवा हा आग्रह सैल झाला. पाचगणी परिसरातील दोन खेड्यांचा अभ्यास करणाऱ्या कर्क जॉन्सन यांनाही वस्तूंच्या वाढत्या हव्यासाबरोबरच स्त्री-पुरुष संबंधांतील बदल दिसले. ज्या मालिकांना आपण प्रतिगामी म्हणतो, त्यांतूनही कोणा स्त्रीला आपल्या घरापलीकडचे जग दिसले असेल, तर समीक्षकाने ते नम्रपणे नोंदविले पाहिजे. कादंबरीवाचनाने तरुण मने, विशेषतः स्त्रियांची, बिघडतात, ही तक्रार एकोणिसाव्या शतकात झालीच होती. आज आपण तीच कादंबरी अभ्यासक्रमात शिकवितो.

मग हानी नेमकी कशात? आमच्या मते ती दूरचित्रवाणी घरात येण्यात नव्हती. ती थांबण्याची जागा नाहीशी होण्यात होती. वाहिनीला प्रेक्षकाचे मत नको होते, त्याची मिनिटे हवी होती. लोकप्रियतेचे मापन यंत्रावर आले, आणि पाहिलेले मिनिट विकाऊ झाले. त्या हिशेबात समाधानाने उठून गेलेला प्रेक्षक तोट्याचा आणि कंटाळूनही बसून राहिलेला फायद्याचा. कुटुंबातील संवाद घटला तो वैरामुळे नव्हे. संवादाला लागणारी रिकामी, निरुपयोगी भासणारी वेळ विकली गेली म्हणून.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात 'रामायण' पुन्हा दाखविले गेले, तेव्हा अनेक घरांत तीन पिढ्या ठरलेल्या वेळी एकत्र बसल्या. मालिका तीच होती. बदलला होता तो भोवतालचा काळ. आज तरुण पिढी संचापासून दूर गेली आहे आणि प्रत्येकाच्या तळहातावर स्वतंत्र प्रवाह वाहतो आहे. त्यामुळे दूरचित्रवाणीवरील तक्रार जुनी वाटेल, पण तिच्यातील प्रश्न जुना झालेला नाही. वर्गात आपण कथेचा शेवट शिकवितो, तेव्हा केवळ वाङ्मयीन घटक शिकवीत नसतो. एखादी गोष्ट संपू देणे, नंतर काही काळ गप्प राहणे आणि मग शेजारच्याशी तिच्याविषयी बोलणे, ही सवय आपण विद्यार्थ्यांपर्यंत पोचवीत असतो. घरांतून ती सवय नाहीशी होत असेल, तर ती जपण्याचे काम साहित्याच्या वर्गाकडे येते, आणि ते आपण नाकारू नये.