पूर्णेचे पाणी आणि वऱ्हाडची माती

नदीचे पाणी घाटावर बिघडलेले दिसते. परंतु ते बिघडण्यास आरंभ होतो तो पुष्कळदा शेताच्या धुऱ्यावर. पूर्णाखोऱ्याचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट ध्यानी येते.

सातपुड्यात उगम पावून पूर्णा पश्चिमेस वाहते व चांगदेवाजवळ तापीस मिळते. वाटेत तिला उत्तरेकडून शहानूर, तर दक्षिणेकडून पेढी, काटेपूर्णा, मोर्णा येऊन मिळतात. येथील काळी माती पावसाने फुगली की तिच्या भेगा मिटतात. मग पाणी मुरत नाही, माती घेऊन नाल्याकडे धावते.

ही धाव वाढली कशी? 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि कापसाचा भाव चढला. 1867 साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. कापसास बाजार मिळाला, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे खरेच. पण चराऊ राने नांगराखाली गेली. गवताची मुळे माती धरून ठेवीत. कपाशीच्या दोन ओळींमधील जमीन ऐन पावसाच्या तोंडी उघडी असते. पुढे त्या मातीबरोबर रासायनिक खते व कीटकनाशकेही वाहू लागली.

अन्यत्र नदी नासली तर माणूस विहिरीकडे वळतो. आपल्या खारपाणपट्ट्यात ती सोय नाही, कारण भूगर्भातील पाणीच खारे आहे. पावसाचे गोडे पाणी हेच येथील धन. ते गमावणे म्हणजे घरातील एकुलता दिवा विझविणे होय.

उपाय झाले नाहीत, असे नाही. स्वातंत्र्यानंतर गावोगाव बांधबंदिस्ती झाली. 1983 पासून राज्याने पाणलोटाचा सर्वांगीण विकास हाती घेतला. त्यातून एक धडा मिळाला. खोल काळ्या जमिनीत समपातळी बांध घातला, तर पाणी तुंबते, पीक पिवळे पडते, शेवटी बांधही फुटतो. तेथे किंचित उताराचे बांध हवेत आणि जादा पाणी सावकाश नेणारी गवताची वाट हवी. एकाच आराखड्याने साऱ्या जमिनी सुधारत नाहीत.

जानेवारी 2018 मध्ये अकोल्याचे हजारो नागरिक मोर्णेच्या पात्रात उतरले व त्यांनी जलकुंभी उपसली. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या मुलखास साजेसेच ते काम! परंतु जलकुंभी पोसली जाते ती शहराच्या सांडपाण्यावर आणि शेतातून येणाऱ्या खतावर. तो पुरवठा चालू राहिला तर उपसलेली पुन्हा माजणारच.

म्हणून योजना माथ्यापासून पायथ्यापर्यंत आखली पाहिजे. माथ्यावर झाडे व गवत राखावे. उतारावर आडवी पेरणी करावी. मातीची परीक्षा करून खताची मात्रा ठरवावी. नाल्याच्या काठची पट्टी नांगरू नये. वाहते पाणी शेततळ्यात थांबवावे. आणि शहराने आपले सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये.

हे एकट्या शेतकऱ्याच्या शक्तीबाहेरचे आहे. त्याने नाल्याकाठची पट्टी पडीत ठेवावी असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या तुटीत वाटा उचलण्याची तयारीही आपण नगरवासियांनी दाखविली पाहिजे. कारण त्या नाल्याचे पाणी शेवटी आपल्याच घागरीत येते.